मुलूख ओसाड नव्हता



तळोद्याच्या जंगलातल्या जमिनीवरून सध्या काय चाललंय ते पाड्यापाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. मोजणीवाले आले, साखळी टाकली, चुना मारला. जिथं चुना पडला तिथं आपल्याच माणसांची तूर उभी होती. एका बाजूला आपण नेवाड करणारे, दुसऱ्या बाजूला नर्मदेकाठाहून आणलेले धरणग्रस्त, तेही आपलेच, आणि मधे पोलीस. त्या गर्दीत एका साहेबानं सांगितलं, "ही जमीन रिकामी आहे. तुमचं फक्त अतिक्रमण आहे."

तूर उभी आहे, बांध घातलेला आहे, बांधावर म्हाताऱ्यानं राखलेला मोहू आहे, तरी जमीन रिकामी. हे कसं होतं? आम्ही पोरंपोरी एकत्र बसलो आणि ठरवलं, की यावर एकदा नीट लिहायचं. कारण "रिकामी जमीन" हा शब्द त्या साहेबानं काढलेला नाही. तो शब्द फार जुना आहे.

आमच्यातले काही जण बारावीपर्यंत शिकले. शाळेच्या पुस्तकात खानदेशचा इतिहास आम्ही वाचला तो असा. 1818 साली पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा मुलूख ओसाड होता, वाघांचं रान माजलं होतं, भिल्ल लुटालूट करत होते. मग इंग्रजांनी बंदोबस्त केला, शेतकरी वसवले, मुलूख आबाद झाला. परीक्षेत आम्ही हेच लिहिलं आणि मार्क मिळवले. त्या उत्तरात आपले आजे-पणजे चोर ठरतात हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

आता खरं काय ते बघू. खानदेशातली तापीकाठची गावं उजाड झाली होती, हे खोटं नाही. पण ती उजाड केली कोणी? होळकर-शिंद्यांच्या फौजा या मुलखातून गेल्या-आल्या, पेंढाऱ्यांनी लुटलं, आणि त्यात 1803-04 चा मोठा दुष्काळ पडला. माणसं मेली, उरली ती पळाली. भिल्लांनी काय फौजा पाळल्या होत्या? डोंगरात आपले नाईक होते. घाट राखायचे, रस्ता राखायचे, गावांची राखण करायचे आणि त्याबद्दल गावाकडून ठरलेला हक्क घ्यायचे. राखणीचा हक्क जुन्या राज्यांनीही मानलेला होता. गोंधळाच्या काळात तो हक्क मिळेना, तेव्हा काही नाईकांनी जोरानं घेतला, लूटही केली. ते आम्ही लपवत नाही. पण हक्क बुडाल्यावर माणूस उठतो, ही गोष्ट चोरीपेक्षा वेगळी आहे.

इंग्रजांनी आधी फौज घातली. डोंगरात शिपाई तापानं आजारी पडू लागले आणि नाईक काही हाती लागेनात. सात वर्षं हेच चाललं. शेवटी 1825 साली त्यांनी डाव बदलला. एका हातानं भिल्ल एजन्सी काढल्या, तगाई दिली, बैल-नांगर दिले, पडीक जमिनीवर भिल्लांना बसवलं. दुसऱ्या हातानं धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. जेम्स आउट्रम हा तिचा साहेब. सुरुवातीला फक्त नऊ भिल्ल भरती झाले होते असं सांगतात, पुढे शेकड्यांनी झाले. मग 1830 साली हाच आउट्रम हीच पलटण घेऊन डांगवर गेला. भिल्लांनी भिल्लांना वठणीवर आणायचं, पगार सरकारचा. आणि डांगची माणसं नमवली, त्यानंतर 1842 साली तिथल्या भिल्ल राजांकडून जंगलाचा पट्टा लिहून घेतला. कशासाठी? सागासाठी. जहाजांना साग लागत होता.

म्हणजे बंदोबस्त काय होता ते कळतं. आपल्या मराठीत बंदोबस्त शब्दाचे दोन अर्थ आहेत. जमिनीची मोजणी करून सारा ठरवतात तोही बंदोबस्त, आणि सभेच्या ठिकाणी लाठ्या घेऊन पोलीस उभे राहतात तोही बंदोबस्त. आपल्या मुलखात हे दोन्ही बंदोबस्त कायम जोडीनं आले. मोजणीची साखळी पुढं आणि लाठी मागं. चुना मारला त्या दिवशीही असंच होतं, तुम्ही पाहिलंच.

सगळे मुकाट्यानं बसले असंही नाही. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक, त्याच्या जोडीचा भीमा नाईक, हे 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले. 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. पुष्कळ भिल्ल पडले, बायकांनाही कैद केलं. भीमा नाईक पुढं पकडला गेला आणि त्याला काळ्या पाण्यावर पाठवलं. आपल्या पोरांना झाशीची राणी पाठ असते. असावीच. पण आंबापाणी किती जणांना माहीत आहे? तो डोंगर तर आपल्याच सातपुड्यातला आहे.

नंतर सपाटीला मोजणी झाली. सर्व्हे नंबर पडले, जमीन ज्याच्या नावावर तो सारा भरणार आणि त्याला ती विकताही येणार. ही मोजणी शेतकऱ्यांनाही आधी नको होती, 1852 साली सावदा-फैजपूरकडे त्यावरून मोठा दंगा झाला होता. पण मोजणी झालीच. सरकारला सारा हवा होता, त्यासाठी पडीक जमीन लागवडीला यायला हवी होती. म्हणून कमी साऱ्यानं जमीन दिली, बाहेरून कसणारे आले. गुजर आले, पाटील आले. 1861 नंतर अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाचा भाव चढला, पुढे 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेची रेल्वे आली, आणि जमिनीला किंमत आली. ज्या जमिनीला किंमत आली ती आपल्या हातातून गेली. कशी गेली ते घराघरात माहीत आहे. सावकाराचं दहा रुपयांचं कर्ज, कोऱ्या कागदावर अंगठा, आणि दोन पिढ्यांनी त्याच शेतावर सालदार. जंगल तोडून जमीन काढली ती आपल्या हातांनी, रात्री राखण केली ती आपल्या डोळ्यांनी, सातबारा झाला दुसऱ्याच्या नावावर.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गुजर-पाटील बाहेरून आले म्हणून ते आपले दुश्मन, असं आम्ही म्हणत नाही. पोटासाठी माणूस कुठंही जातो, आपणही ऊसतोडीला गुजरातेत जातोच. त्यांच्यातही पहाटे उठून बैलांच्या मागं चालणारे होते आणि आहेत. भांडण आलेल्या माणसाशी नाही. जमीन कोणाची हे एकानं ठरवायचं, कागद एकाच्याच हातात द्यायचा आणि दुसऱ्याला त्याच जमिनीवर गडी करायचं, त्या रीतीशी आहे. ती रीत 1971 साली पाटीलवाडीत बंदुकीपर्यंत गेली. त्यानंतर अंबरसिंग महाराजांच्या मागं हजारो माणसं उभी राहिली, शहाद्याला भूमुक्तीची सभा झाली, सालदारकीचे पाय मोडले. 1974 चा कायदा आला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करायचा तो कायदा. काहींना जमीन मिळाली, काहींना कागद मिळाला आणि जमीन मिळाली नाही. पण तो कायदा कोणी दान दिला नाही, तो चळवळीनं आणला.

हे सपाटीचं झालं. आता डोंगराचं.

1878 चा जंगल कायदा झाला. त्यात राखीव जंगल करायची पद्धत लिहिलेली आहे, आणि 1927 च्या कायद्यात तीच पुढं चालली, आजही तोच कायदा आहे. सरकार आधी जाहीर करतं की अमुक जंगल राखीव करायचं आहे. मग एक साहेब नेमतं. त्याचं नाव काय ठाऊक आहे का? जंगल जमाबंदी अधिकारी. म्हणजे पुन्हा बंदोबस्तच. तो साहेब जाहीरनामा काढतो, की ज्याचा काही हक्क असेल त्यानं मुदतीत येऊन सांगावं. मुदत तीन महिन्यांपेक्षा कमी नसावी असं कायदा म्हणतो. ज्यानं मुदतीत सांगितलं नाही, त्याचा हक्क बुडाला.

आता विचार करा. शंभर वर्षांपूर्वी डोंगरातल्या पाड्यावर जाहीरनामा वाचणारं कोण होतं? आज आम्ही वाचतो तरी अर्धा कळत नाही. आजोबांच्या काळी कागद झाडाला चिकटवला काय आणि चावडीत ठेवला काय, सारखंच. त्यांना वाटलं आपण जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतो, जिथं वाघदेव आहे, जिथं पूर्वजांचे खांब उभे आहेत, ते जाऊन कोणाला काय सांगायचं? माझं घर माझं आहे असं कोणी शेजाऱ्याला अर्ज करून सांगतो का? ते गेले नाहीत. मुदत संपली. जंगल "हक्कमुक्त" झालं. त्या दिवसापासून आपण आपल्याच जागी अतिक्रमणदार.

हेच ते "रिकामं". जमिनीवर माणूस नव्हता म्हणून ती रिकामी झाली नाही. कागदावर माणूस लिहिला नाही म्हणून ती रिकामी ठरली.

त्यानंतर शंभर वर्षं आपण नाकेदाराला पोसलं. कोंबडी, तूप, दारू, पैसे. नांगर धरला की दंड, पीक आलं की दंड. आणि गंमत बघा, पुढं सरकारनं म्हटलं की 1978 च्या आधीचं नेवाड असेल तर पुरावा आणा, दंडाची पावती आणा. नाकेदारानं पैसे घेतले पण पावती किती जणांना दिली? ज्यानं गुपचूप लाच दिली त्याच्याकडं कागद नाही. ज्याच्यावर केस झाली, ज्याला तालुक्याला नेऊन बसवलं, त्याच्याकडं कागद आहे. म्हणजे ज्याला जास्त छळलं त्याचा हक्क पक्का! आमच्या एका पाड्यावरचा म्हातारा चौकशीला गेला. पावती विचारली तर त्यानं पाठ दाखवली. म्हणाला, पावती इथं दिली होती. साहेब हसला आणि अर्ज बाजूला ठेवला. आम्हाला हसू आलं नाही.

1980 च्या कायद्यानं तर राज्य सरकारचे हातही बांधले, जंगलाची जमीन द्यायची तर दिल्लीची परवानगी. आपल्या दोन एकराच्या नेवाडासाठी दिल्ली लांब आहे. 1990 साली दिल्लीनं परिपत्रकं काढली, 1980 च्या आधीची अतिक्रमणं तपासून नियमित करा म्हणून. ती फाईल खालीच फिरत राहिली. पण त्याच 1990 साली तळोद्याचं 2700 हेक्टर राखीव जंगल धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी मोकळं करायची परवानगी मात्र आली. सरकारला करायचं असलं की परवानगी येते, हे यावरून कळलं.

आता नर्मदेकाठचं बघू. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं गेली. अक्कलकुव्याची 9 आणि अक्राणीची 24. ही गावं कोणाची? याहामोगीला मानणारी, काठीच्या होळीला नाचणारी, आपल्याशी सोयरीक असलेली. त्यांच्यातल्या अनेकांची जमीनही नेवाडच होती, तिलाही कागद नव्हता. लवादानं 1979 साली सांगितलं, की ज्याची जमीन जाते त्याला कमीत कमी 2 हेक्टर ओलिताची जमीन द्या. ऐकायला बरं वाटतं. पण कागद नसलेल्याला सरकार भूमिहीन धरू बघत होतं. म्हणजे इकडं आपण कागद नाही म्हणून अतिक्रमणदार, तिकडं ते कागद नाही म्हणून भूमिहीन. एकाच दुखण्याची दोन नावं. आणि इलाज काय काढला? एका बिनकागदाच्या आदिवासीला उठवून दुसऱ्या बिनकागदाच्या आदिवासीला तिथं बसवायचं.

धरणगावच्या पलटणीची आठवण येते ती इथं. तेव्हा भिल्लाच्या हातात बंदूक दिली आणि डांगच्या भिल्लावर सोडलं. आज बंदूक नाही, प्लॉटचा कागद आहे. काम तेच.

आता आपल्याच माणसांना चार गोष्टी सांगायच्या आहेत. राग येईल, पण ऐका.

पहिली. आपल्यातले काही जण म्हणू लागलेत, "हे बाहेरचे आलेत, हाकला त्यांना." साथींनो, "बाहेरचा" हा शब्द तोंडातून काढताना विचार करा. अक्राणीचा माणूस तळोद्यात बाहेरचा, मग आपण तरी या जंगलात आतले कसे? आपल्यातलीही अर्धी घरं सावकारानं जमीन घेतल्यावर सपाटीवरून वर सरकलेली आहेत. आपण त्यांना बाहेरचे म्हटलं की सरकारला आपल्याला अतिक्रमणदार म्हणायला तोंड मिळतं.

दुसरी. नर्मदेकाठच्या भावांनाही सांगतो. तुमच्यातल्या ज्यांना गाव सोडायचं नाही त्यांना कोणी जबरीनं उठवू नये, त्यासाठी आम्ही तुमच्याबरोबर आहोत. ज्यांनी यायचं ठरवलं त्यांना जमीन मिळालीच पाहिजे, यासाठीही बरोबर आहोत. पण ज्या जमिनीवर दुसऱ्याचा नांगर चालतो ती "रिकामी" म्हणून दाखवली तर सही करू नका. आधी पाड्यावर येऊन विचारा. कोणाचा बांध आहे ते चहा पिता पिता कळेल.

तिसरी. आपल्या काही कारभाऱ्यांनी पैसे घेऊन "इथं कोणी कसत नाही" असं लिहून दिलं आहे. नावं आम्ही इथं छापत नाही. गावाच्या बैठकीत त्यांनी स्वतः उभं राहून सांगावं. गाव माफ करील, पण लपवलं तर करणार नाही.

चौथी. जंगल आपण तोडलं का? हो, आपणही तोडलं. ठेकेदाराच्या ट्रकमागून ट्रक साग गेला, त्याच्यापुढं आपलं तोडणं थोडं आहे, तरी आहे. म्हणून जमीन मागताना राखण्याचं वचनही द्यावं लागेल. उताराला बांध, बांधावर झाडं, आणि वरचं उरलेलं जंगल गावानं राखायचं. नुसतं "जंगल आमचं" म्हणून चालणार नाही.

मागणी साधी आहे. आधी कसणाऱ्यांचं नेवाड मोजा, त्यांची नावं लावा, मग जी जमीन खरोखर उरेल ती धरणग्रस्तांना द्या. उरत नसेल तर सपाटीला जमीन घेऊन द्या. धरणाला पैसा आहे तर जमिनीला का नाही? आणि पुरावा म्हणून फक्त पावती चालणार नाही. गावातल्या म्हाताऱ्यांची साक्ष, शेतातली जुनी झाडं, विहीर, बांध, पूर्वजांचे खांब, हे सगळं पुरावा धरलं पाहिजे.

यासाठी एक काम आपल्याला आजपासून करता येईल. प्रत्येक पाड्यानं एक वही घालावी. दोनशे पानी, दुकानात मिळते ती. त्यात लिहायचं : हा पाडा कोणी वसवला, कुठून आले, पहिलं घर कोणाचं, कोणत्या शेताचं नाव काय, मोहूचं झाड कोणी राखलं, पाणी कुठून आणायचे, कोणत्या वर्षी कोणाचं पीक कापून नेलं, कोणाला धरलं. म्हातारी माणसं सांगतील, शिकलेली पोरं लिहितील. खाली सगळ्यांचे अंगठे. म्हाताऱ्या मरायच्या आत हे करा, उशीर केला तर ते सगळं त्यांच्याबरोबर जाईल. बायकांना विचारायला विसरू नका. शेताची आणि पाण्याची जास्त आठवण त्यांनाच असते.

इंग्रजानं आपल्याबद्दल लिहिलं, सरकारनं लिहिलं, मास्तरांनी तेच शिकवलं. आपण लिहिलं नाही, म्हणून मुलूख ओसाड ठरला. आता मोजणीवाले पुन्हा साखळी घेऊन येतील. तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी शेताच्या बांधावर एकत्र उभं राहायचं, हातात वही घ्यायची आणि म्हणायचं, साहेब, आधी हे वाचा.

पुढच्या अमावास्येला नर्मदेकाठच्या आणि तळोद्याच्या पाड्यांची एकत्र बैठक ठेवायचं चाललं आहे. जागा गावकारभाऱ्यांकडून कळेल. भाकरी बांधून या, वही घेऊन या.

कसेल त्याची जमीन, राखील त्याचं जंगल!
जिंदाबाद!